होळीपर्यंतचं शेत

गीताच्या परकराला आजही कपाशीच्या पऱ्हाटीचा वाळला कचरा चिकटलेला होता. मुलगी कुठून आली, हे विमलबाईंना विचारावंच लागलं नाही.

"गोजरमायनं मले आज वाळल्या बोंडाच्या कवडीतून कापूस काढाले शिकवलं," गीता आपणहून म्हणाली.

गोजरमाय! सोनाळ्यात ऐंशी एकर काळी जमीन असलेल्या घरची ही नऊ वर्षांची एकुलती एक लेक, आणि ती 'माय' म्हणते कोणाला, तर शेतात वेचणीला येणाऱ्या एकट्या बाईला. आपल्याला नुसतंच 'आई'. विमलबाईंनी तिच्या परकरावरचा कचरा जरा जोरातच झटकला.

ही सल नवी नव्हती. दिवाळीपासून त्या दर बाजाराला गीताला पैसा देत होत्या. "पैशानं पाह्यजे ते भेटते. घे तुह्या मनाचं," असं म्हणून तळहातावर ठेवायच्या. मुलगी घरात रमेना, तसा त्यांनी पैशाचा आणा केला. यंदा कापसाचा भाव पडला होता, घरधनी एकेका दिडकीला जपत होते, तरी केला. गीता आणा मुठीत घेई आणि उन्हं कलली की गोजरबाईच्या झोपडीकडे पळे.

यंदाची शेवटची वेचणी आटोपली होती. त्यानंतर रान सर्व्याला खुलं होई. झाडांवर, मातीत राहिलेला कापूस गोरगरिबांनी वेचून न्यायचा. होळी झाली की मग उभी झाडं चरायला ढोरं सोडायची. सासऱ्यांपासूनची रीत. गोजरबाईची उन्हाळ्याची ज्वारी या सर्व्यावरच यायची. हे विमलबाईंना पक्कं ठाऊक होतं.

घरधनी निवृत्तीराव कापसाच्या गाड्या घेऊन शेगावला गेलेले. विमलबाईंनी सालदाराला हाक मारली.

"कडूबा, उद्या सकाळी कापसाच्या वावरात ढोरं सोड."

कडूबा डोकं खाजवत राहिला. "बाई, होळीले तं आठ दिस हायेत अजून. मालक..."

"मालक घरी हायेत काय? मी सांगून राह्यली ना!"

"हाव जी."

गीता दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. जेवण झाल्यावर ती आईसमोर येऊन बसली आणि तिनं एक काडीपेटी पुढे सरकवली. पेटी जड होती. विमलबाईंनी ती उघडली. आत राजाच्या छापाचे पैसे आणि आणे होते. त्यांनीच दिलेले. सगळेच्या सगळे.

"मले काऊन देऊन राह्यली?"

"यात ढोरं किती दिस थांबतीन?"

"काय?"

"तूच म्हनली होती ना, पैशानं पाह्यजे ते भेटते. आठ दिस नाही झाले तं चार दे."

विमलबाईंनी पेटी बंद केली. "हे तुले खाऊले देल्ले होते, बाई."

"मले भूक नव्हती."

गीता तिथंच बसून राहिली. मग विमलबाईंनी इतके महिने गिळलेला प्रश्न विचारलाच. "असं काय हाये वो तिच्याजवळ? घरात धड पाटसुदा नाही बसाले."

गीतानं खरोखर विचार केला. "ते मले काम सांगते. म्हनते, गीते, हे तू करशीन. मंग पाहत नाही बसत. आन् मी करतो."

सकाळी विमलबाई कडूबाच्या आधी गोठ्यात पोचल्या. "ढोरं राहू दे. होळी झाल्यावर सोड," एवढंच सांगून त्या पदर खोचून वावराकडे निघाल्या.

त्यांना पाहून गीताशेजारी वेचत असलेली गोजरबाई घाईनं उभी राहिली. ओटीतला कापूस तिनं दोन्ही हातांनी धरला. "तुमी काऊन आल्या, बाई? काई चुकलं काय?"

"गीतानं बलावलं," विमलबाई म्हणाल्या.

गीतानं आईकडे पाहिलं. "हाव," ती म्हणाली. "मीनंच बलावलं."

"मंग तूच शिकव तुह्या आईले," म्हणून गोजरबाई पुन्हा वाकली.

वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पहिल्याच बोंडाला विमलबाईंच्या अंगठ्यातून रक्त आलं.

"तसं नाही, आई! खालून धर. कवडी मोडली का कचरा येते."

काडीपेटी विमलबाईंच्या कमरेला खोचलेली होती. ती परत द्यायची होती. काय म्हणून द्यायची, ते अजून सुचलं नव्हतं. ओळीच्या टोकाला गीतानं आपला सगळा कापूस गोजरबाईच्या ओटीत टाकला, सहज, न विचारता. विमलबाईंनी आपली मूठ आवळून धरली.

"आई, तुहा दाखव."

त्यांनी मूठ उघडली. गीतानं तो कापूस बोटांनी चाचपून पाहिला.

"लय कचरा हाये," ती म्हणाली. "दुसरी ओळ कर. करशीन तू."

आणि पाहत न थांबता ती पुढच्या ओळीला लागली.