थोरल्या साडूची लायब्ररी

हौसेला मोल नसतं म्हणतात. धाकट्या साडूच्या हौसेला होतं, फक्त ते मोजलं त्याच्या बायकोने.

दोघा साडूंनी मिळून हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. उभ्या जगात ती दोनच मशीनवर चालायची, एक याच्या घरी, एक त्याच्या. तरी मशीन सुरू झालं की पडद्यावर आधी नाव कोणाचं, यावरून दोघांचं असं वाजलं की येणंजाणं बंद. बायका सख्ख्या बहिणी. धाकटीला नवऱ्याने बजावलं, "त्या घराची पायरी चढायची नाही." ती चढली नाही.

तरी साडू घरातून गेलाच नाही. अक्षर पडद्यावर उमटवणं, फाइल उघडणं, असली नेहमीची कामं एका लायब्ररीत होती आणि प्रत्येक प्रोग्राम चालायला तीच लागायची. लायब्ररी थोरल्याची. आपल्याच घरात साडूच्या ओंजळीने पाणी प्यायचं, हे धाकट्याच्या जिवाला फार लागलं होतं.

म्हणून त्याने स्वतःची लायब्ररी लिहायला घेतली. सुट्ट्या त्यात गेल्या, सणवार गेले. मग एकेक प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून नव्या लायब्ररीशी लिंक करायचं, म्हणजे जोडून घ्यायचं काम. मध्ये एकदा बायको म्हणाली, "ताईचं ऑपरेशन आहे म्हणे. जाऊन येऊ का?"

"हे एकदा संपू दे. मग ताठ मानेनं जाऊ."

काम संपलं तसं त्याने जुनी लायब्ररी पुसली. बॅकअपमधूनही वेचून वेचून पुसली. मग ऐटीत एक नवा प्रोग्राम लिंक करायला घेतला, तर ही जोडणी करणारा प्रोग्राम, लिंकर, तोच उठेना. सगळ्यांना नव्या लायब्ररीवर आणणारा लिंकर स्वतः तेवढा जुनीवर राहिला होता. त्याला पुन्हा लिंक करायचं, तर लिंकरच हवा. अतिशहाण्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

जुनी लायब्ररी आता एकाच घरी असणार. बराच वेळ येरझाऱ्या घालून त्याने शेवटी फोन लावला. नाक दाबल्यावर तोंड उघडतंच.

"अरे, तू होय," थोरला आनंदाने म्हणाला. "ते मशीन? ते कधीच भंगारात गेलं. तू अजून त्यातच?"

"पण आपलं ते नावावरून..."

"ते होय? मी तर विसरूनही गेलो. आम्हाला वाटलं, तुम्हालाच आमच्याकडे यायचं नाही. ही मात्र दवाखान्यात दाराकडे डोळे लावून होती रे."

बायको शेजारीच उभी होती. तिने फोन काढून घेतला. "भाऊजी, ताईला द्या."

पलीकडे कुजबुज झाली. मग थोरल्याचा आवाज आला, जरा पडलेला. "ती म्हणते, आता नको."

बायकोने पदराने हात पुसले आणि फोन नवऱ्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं मिटलंय. तुम्ही बोला."