मैदानावरची अधिकृत भाषा

प्लासिड सर बाकावर टेकतील तर शपथ! वीस मिनिटांत त्यांनी रेषेलगत इतक्या येरझाऱ्या घातल्या की राखीव खेळाडूंना बघूनच चक्कर यायला लागली. २००४ची फुटबॉल लीग, वसईचं मैदान, आणि ही मॅच हरलो तर कंपनी संघच बंद करणार होती.

वटार गावच्या पोरांचा क्लब कंपनीनं घेतला तेव्हा सर खूश झाले होते. बूट आले, पगार आले. मागोमाग आलं चाळीस पानी ‘कम्युनिकेशन मॅन्युअल’. तोवर सर सूचना द्यायचे गावच्या घरबोलीत. मुंबईच्या संघांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि त्याच जोरावर सरांनी बारा वर्षं सामने जिंकले होते. कंपनी म्हणाली, हे अनप्रोफेशनल. यापुढे बोलायचं ते मॅन्युअलमधलंच. बोली ऐकू आली की सरांचे गुण कापणार, आणि ती ऐकून जो हलेल त्याचेही; गुण संपले की नोकरी संपली. गुण द्यायला एचआरचा नीलेश विरारहून यायचा आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून बाकावर बसायचा.

“लेफ्ट कॉरिडॉर ॲक्टिव्हेट करा!” सर ओरडले. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

आपल्या पोरांना अर्थ लागायच्या आत समोरच्या प्रशिक्षकानं त्या बाजूला दोन माणसं धाडली. इंग्रजी त्यालाही येत होतं की! चेंडू हिसकावला, दोन पास, गोल.

“एक्झिक्युशन गॅप,” लिहिता लिहिता नीलेश पुटपुटला.

“अरे बाबा, गॅप कसली? आपणच त्यांना आधी सांगून टाकतोय!”

“सर, प्रोसेस पाळली ना आपण? मग झालं.”

शेवटची पाच मिनिटं उरली. चेंडू कॉन्रॅडच्या पायात, आणि उजवीकडे सगळं रान मोकळं. कॉन्रॅडला सरांनी सातव्या वर्षापासून घडवलेलं. सरांना राहवेना. खड्ड्यात गेले गुण, खड्ड्यात गेली नोकरी! त्यांनी बेंबीच्या देठापासून, गावच्या बोलीत हाक मारली: उजवीकडे मार, आत्ता! कितीतरी महिन्यांनी त्यांचा जीव मोकळा झाला.

समोरचा प्रशिक्षक नुसता बघत राहिला. कॉन्रॅडला मात्र अक्षर न् अक्षर कळलं, त्याचा पाय वळलासुद्धा. पण मारण्याआधी त्यानं मान वर करून बाकाकडे पाहिलं. सरांकडे नाही, नीलेशच्या पेनाकडे.

तेवढ्यात समोरच्यांनी पायातला चेंडू नेला.