हिगाशी-नोशिरोच्या पुढे

"टीव्ही लाव वसुधा. आधी टीव्ही लाव, मग बोल."

मराठी मंडळातल्या रेखाचा आवाज फोनवर नेहमीच चढा असायचा, पण आज तो चढा नव्हता. ती कामावर निघाली होती. एक बूट पायात, दुसरा हातात. तशीच फोनची लांबलचक वायर ओढत ती दिवाणखान्यात आली आणि तिने बटण दाबलं. पडद्यावर जपानचा नकाशा होता. उत्तरेकडे, पश्चिम किनाऱ्याला लागून एक लाल ठिपका. बातम्या देणारा माणूस संथपणे सांगत होता की तिथल्या भर दुपारी मोठा भूकंप झाला, त्याच्यामागून समुद्र आत आला, माणसं वाहून गेली. किती, ते अजून कळलेलं नव्हतं.

"उत्तरा सेंदाईलाच आहे ना गं?" रेखा विचारत होती. "सेंदाई दुसऱ्या किनाऱ्याला आहे म्हणतात आमच्याकडे. ॲटलास काढून बसलेत."

"ठेवते मी," वसुधा म्हणाली.

उत्तरा सेंदाईला नव्हती.

उत्तरा म्हणजे वसुधा आणि चारुदत्तची एकुलती एक मुलगी. जन्मली अमेरिकेत, वाढली फ्रीमाँटमध्ये, बर्कलीला शिकायला गेली आणि तिथे कुठूनसं जपानीचं वेड डोक्यात घेऊन आली. वर्षभर सेंदाईला राहून शिकायचं म्हणाली तेव्हा वसुधाने आठ दिवस अबोला धरला होता. "जाऊ दे गं," चारुदत्त म्हणाला होता. "आपण नाही का आलो घर सोडून?" शेवटी ती गेली. आणि आता मे महिन्यात चार दिवस मोकळे मिळाले तर तिने एक खूळ काढलं. फुकुशिमापासून थेट उत्तरेला आओमोरीपर्यंत जाणारी एक लांबच लांब रेल्वेलाइन आहे, डोंगरांतून, भाताच्या खोऱ्यांतून जाणारी. ती सबंध करायची, आणि तीही प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीने. "एक्सप्रेसमधून काय दिसतं, मॉम?" ती फोनवर म्हणाली होती. "आय वाँट टु गेट ऑफ ॲट द लिटल वन्स."

चारुदत्त अर्धी दाढी झालेल्या चेहऱ्याने न्हाणीघरातून बाहेर आला.

"अहो, ती कुठे आहे आत्ता?"

"कोण?" म्हणत त्याने टीव्हीकडे बघितलं, आणि मग काही विचारलं नाही.

"परवा तिचा फोन आला होता ना? मी ओव्हरटाइमला होते. कुठून केला होता तिने?"

"अकिताहून." नकाशावरच्या लाल ठिपक्याशेजारी तेच नाव लिहिलेलं होतं. "दुसऱ्या दिवशी पुढे निघणार म्हणाली."

"दुसऱ्या दिवशी म्हणजे कधी? भूकंप झाला तेव्हा?"

त्याच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.

मग फोन सुरू झाले. सेंदाईच्या वसतिगृहातल्या बाईंना इतकंच ठाऊक होतं की उत्तरा परतलेली नाही. अकिताला फोन लागेना. ऑपरेटर दर वेळी तेच सांगायची, सगळ्या लाइन्स बिझी आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा. आणि मध्येच फोन वाजायचा. वसुधा झडप घालायची, तर पलीकडे कुणी सुलेखा मावशी, कुणी मंडळातले काका. काळजीने विचारायचे बिचारे. शेवटी चारुदत्तने रेखाला सांगितलं, "प्लीज, सगळ्यांना कळवा, आज इथे कॉल करू नका. लाइन मोकळी हवी."

त्यानंतर फोन वाजायचा बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

वसुधा लेकीच्या खोलीत गेली, पलंगावर बसली, उठली. तिला उत्तराचा चेहरा आठवेना. डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला की नुसते तिचे पाय दिसायचे, कॅनव्हासचे बूट घातलेले, आणि त्यांच्याभोवती पाणी. ती घाईघाईने स्वयंपाकघरात आली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

"तुम्ही पाठवलंत तिला," ती नळाकडे बघत म्हणाली. "मी नको नको म्हणत होते."

चारुदत्त खुर्चीत बसून होता. तो साधा, शांत माणूस. रोज खाडीवरचा पूल ओलांडून सनीव्हेलला जायचा, तिथे यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचा, संध्याकाळी घरी यायचा. त्याला उलट बोलता यायचं नाही. आत्ताही त्याने काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुपारच्या सुमारास दार वाजलं. दारात फुमिको उभी होती.

वसुधा एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करायची. फुमिको डॉसन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. युद्धानंतर एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती इकडे आली होती आणि इतक्या वर्षांनंतरही इंग्रजी बोलताना एकेक शब्द मोजूनमापून ठेवायची. वसुधाला तिचं इंग्रजी बरं वाटायचं. त्यात घाई नसायची. दुपारी डबा खाताना फुमिको तिच्याकडून लिंबाचं लोणचं मागून घ्यायची आणि भाताला लावून खायची. एवढीच त्यांची मैत्री, पण सहा वर्षांची.

"कारखान्यात कळलं," फुमिको म्हणाली. "मी त्याच भागातली. सांग, मुलगी कुठल्या गाडीत?"

वसुधाने सांगितलं. फुमिकोने ओट्यावरची कागदी पिशवी उलटी केली, पेन्सिल मागितली आणि एक लांब रेघ ओढली.

"अकिता," ती टिंब देत म्हणाली. "ओइवाके. हाचिरोगाता. मग हिगाशी-नोशिरो. आता बघ." रेघ झपकन उजवीकडे वळली. "इथून गाडी डोंगरात जाते. ओदाते, हिरोसाकी, आओमोरी. इथे समुद्र नाही. भूकंप झाला तर गाडी थांबते. माणसं बसून राहतात. सेफ."

वसुधाने श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदा तिला खांदे असल्याचं जाणवलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पिशवीवरच्या रेघेवरून नजर काढत नव्हता.

"काय झालं?"

"वसू," तो म्हणाला, "ती थेट आओमोरीला जाणार नव्हती. मध्ये गाडी बदलणार होती. नाव नाही आठवत मला. म्हणाली, एक छोटी लाइन आहे, अगदी समुद्राला खेटून जाते, तिने जाऊन पुढे पुन्हा हीच लाइन पकडीन."

फुमिकोने पेन्सिल पुन्हा हिगाशी-नोशिरोवर टेकवली. या वेळी रेघ डावीकडे गेली, सावकाश, पिशवीच्या कडेकडेने. "ही," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हा हिवाळ्यात खिडकीवर लाटांचं पाणी उडायचं."

"हे तुम्ही आत्ता सांगताय मला?"

"सकाळपासून सांगायला बघतोय गं, पण तोंडातून शब्द फुटत नाही."

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्हणालो, जा. बघून घे समुद्र."

फुमिकोने वसुधाला धरून खुर्चीत बसवलं, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, जसं काही ते तिचंच घर होतं. आणि पाठमोरी उभी राहूनच ती म्हणाली, "माझा भाऊ नोशिरोला आहे. बंदराच्या बांधकामावर. घरचा फोन लागत नाही."

वसुधाने मान वर केली. "फुमिको! आणि तू इथे?"

"घरी एकटी बसून काय करू? डॉसन कामावर आहे. इथे दोघी मिळून फोन लावू."

मग त्या दोघी आळीपाळीने आकडे फिरवत बसल्या. एकीचं बोट दुखलं की दुसरी. नोशिरोचं घर, अकिताचं कार्यालय, हिगाशी-नोशिरोचं स्टेशन. तिथे फुमिकोबरोबर शाळेत असलेला एक जण नोकरीला होता. दर वेळी तोच तुटक सूर. टीव्हीवर आता चित्रं येऊ लागली होती. एका बंदरात होड्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. चारुदत्तने आवाज बंद केला, पण चित्र बंद करायचा धीर कुणाला झाला नाही.

तिकडे उजाडायच्या वेळेला स्टेशनचा फोन लागला.

फुमिको उभी राहिली. ती भराभरा बोलायला लागली, वसुधाने कधी ऐकली नव्हती अशा वेगाने. त्या प्रवाहात दोनदा "उत्तरा" असं ऐकू आलं. फुमिको ऐकत होती, हुंकार देत होती, पुन्हा काही विचारत होती. मग तिने "मोशी मोशी" म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"कट झालं. ऐक. समुद्राकडची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. गार्डने सगळ्यांना टेकडीवर नेलं. लोक एका शाळेत आहेत. परदेशी मुलगी आहे का, त्याला माहीत नाही. पण गाडीतलं कुणी गेल्याचं त्याने ऐकलेलं नाही."

"आणि तुझा भाऊ?"

फुमिकोने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. "ते विचारणार होते, तेवढ्यात कट झालं."

वसुधाला तिच्याकडे बघवेना. पुढचे दोन तास त्या फोन लावत राहिल्या. पुन्हा एकदाही लागला नाही.

ऊन उतरल्यावर फोन आपणहून वाजला. वसुधाने तो उचलला.

"आई?"

सहा वर्षांची झाल्यापासून उत्तराने तिला मॉमच म्हटलं होतं.

"आई, आय ॲम ओके. आय ॲम ओके. इथे शाळेत फोन आहे, मागे मोठी लाइन आहे, मला लवकर बोलायचंय." मग तिचा आवाज फुटला. "पाणी निघून गेलं, आई. आम्ही वर कांद्याच्या शेतात होतो. इट जस्ट वेंट अवे. खालची वाळू दिसली, मासे उडताना दिसले. अँड देन इट केम बॅक."

चारुदत्त भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वसुधा रडली नाही. ती नुसती "हो बाळा, हो" म्हणत राहिली.

"बस मिळेल म्हणतात डोंगराकडून. आय ॲम गोइंग बॅक टु सेंदाई. जमीन अजून हलतेय. आय वाँट टु कम होम."

ये, लगेच ये, मिळेल त्या विमानाने ये. हे शब्द वसुधाच्या जिभेवरच होते. तिने वर बघितलं. फुमिको पर्स खांद्याला लावून दाराशी उभी होती आणि हसत होती. आनंदाने, अगदी मनापासून. घरी जायला निघालेली.

"उत्तरा," वसुधा म्हणाली, "तिथून नोशिरो किती लांब आहे?"

"फार नाही. व्हाय?"

"माझी मैत्रीण आहे ना फुमिको, तिचा भाऊ तिथे बंदरावर आहे. ताकेओ सासाकी. त्यांचा फोन लागत नाही. तू जाऊन चौकशी करशील?"

पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"आई, दॅट्स राइट ऑन द वॉटर."

"माहितीये मला."

"नो, नो," फुमिको दारातून धावत आली. "तिला नाही म्हण. घरी जाऊ दे."

"पत्ता देते फुमिको. लिहून घे," वसुधा म्हणाली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

फोन ठेवल्यावर चारुदत्तने तिच्याकडे बघितलं. "वसू, हे काय केलंस तू?" त्यात राग नव्हता. दुसऱ्या फोनपर्यंतची भीती पहिल्या दिवसापेक्षा वाईट होती, कारण आता लेकीला पाण्याकडे पाठवणारी वसुधा स्वतः होती, आणि दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. शुक्रवारी ती कामावर गेली. मायक्रोस्कोपखाली तिच्याकडून दोन बोर्ड वाया गेले. शेजारच्या स्टुलावरून फुमिकोने मुकाट्याने तिच्यापुढचे बोर्ड उचलून आपल्यापुढे घेतले.

शनिवारी दुपारी उत्तराचा फोन आला. ती हिगाशी-नोशिरो स्टेशनातून बोलत होती. तिथला फोन चालू होता.

"आई, फुमिको-सान आहेत का? त्यांची बॉडी सापडली. काल. त्यांच्या वाइफ इथे आल्यात माझ्याबरोबर. शी वाँट्स टु टॉक टु हर." जरा थांबून ती म्हणाली, "मी रात्री त्यांच्याकडेच राहिले. मी ठीक आहे."

"थोड्या वेळाने परत कर," वसुधा कसंबसं म्हणाली.

चारुदत्त गाडी घेऊन गेला. फुमिको घरातल्या सपाता घालूनच आली. काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. फोन वाजला तेव्हा वसुधाने तो उचलून तिच्याकडे दिला. फुमिकोने तो दोन्ही हातांनी घेतला.

आधी ती उत्तराशी बोलली. हलक्या आवाजात, थोडं, पुन्हा पुन्हा एकच शब्द, आभाराचा असावा. मग तिचा आवाज बदलला. पलीकडे दुसरी बाई आली असणार. फुमिको भिंतीकडे वळली. तिथे कॅलेंडरशिवाय काही नव्हतं. त्या भिंतीपुढे, वहिनी समोर उभी असल्यासारखी, ती कमरेतून खाली वाकली. उठली, काही बोलली, पुन्हा वाकली.

सोफ्यावर बसलेला चारुदत्त उठून उभा राहिला. वसुधाही ओट्यापाशी उभीच होती. फुमिको पुन्हा वाकली आणि या वेळी तशीच राहिली, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, पाठ सरळ, पांढरे केस कपाळावरून खाली लोंबलेले. पलीकडची बाई बोलत होती, आणि ती ऐकत होती.