ताईने माझे चाक उघडले

मी एक जुनी, काळी, कॅरियरवाली सायकल आहे. माझा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि माझी घंटी आधी खोकते, मग वाजते. मला हसायचे तर खुशाल हसा, मित्रांनो, पण माझी हकिकत पुरी झाल्यावर. कारण ती माझ्या एकटीची नाही. तिच्यात एक ताई आहे, तिची धाकटी बहीण आहे, आणि एक बाळ आहे, जे जन्मले तेव्हा ताईच्या ओंजळीत मावले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या कापल्या, जोडल्या, काळ्या रंगात बुडवून भट्टीत वाळवल्या. एका कामगार बाईने माझ्या चाकांत एकेक तार ओवली आणि चाक फिरवून, एक डोळा मिटून पाहिले. चाक कुठेही डुलले नाही, तेव्हा तिने मला पुढे ढकलले. तेवढेच माझे पहिले कौतुक.

ताईने मला दुकानातून आणले, तेव्हा ती नुकती शिवणकाम करू लागली होती. शाळांचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, उशांचे अभ्रे असे कपड्यांचे ढीगच्या ढीग माझ्या कॅरियरवर बांधून ती घरोघर पोहोचवी. "ही माझी भागीदार आहे," असे ती गिऱ्हाइकांना सांगे. मी ते ऐकून मनातल्या मनात ताठ होई. पुढे ताईच्या हाताचे नाव झाले. गिऱ्हाइके तिच्याच दारी येऊ लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या हँडलवर छत्र्या टांगल्या गेल्या, कॅरियरवर रंगाचे रिकामे डबे आले. टायरमधली हवा कधी गेली, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. मला रागही आला नाही. फक्त दाराशी पावले वाजली की वाटे, आता कुणी छत्री नेईल की मला नेईल? छत्रीच जाई.

मग एका सकाळी ते डबे भराभर बाजूला झाले. ताईने मला ओढून उजेडात आणले आणि जुन्या पंपाने टायरांत हवा भरली. तिचे डोळे सुजले होते.

तिची धाकटी बहीण बाळंत झाली होती. बाळ फार लवकर आले होते. मुलगी. नदीपलीकडच्या रुग्णालयात तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवले होते, आणि धाकटीला मात्र घरी पाठवले होते. बाळंतपण जड गेल्यामुळे तिला पलंगावरून उठायलाही मनाई होती. बाळाचे बाबा जहाजावर कामाला, दूर समुद्रात. सिस्टरनी ताईला बजावले होते, "औषधं आम्ही देतोच आहोत. पण हिला बळ येईल ते आईच्या दुधानं. सकाळी आणि संध्याकाळी ताजं आणून द्या. वेळ गेलेलं दूध आम्ही पाजत नाही हं."

एवढ्या सकाळी पुलावरून बस जात नसे आणि संध्याकाळी ती गर्दीत अडकून पडे. घरात चालते ते वाहन मीच एक.

धाकटी पलंगावर बसून थेंब थेंब दूध बाटलीत काढी. ताई ती बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवी, पिशवी छातीशी बांधी आणि मला दामटी. सुरुवातीला सगळे नीट चालले. मग माझ्या मागच्या चाकातली हवा जाऊ लागली. एकदम नाही. पुलापर्यंत चाक टणक असे, परतताना ते रस्त्यावर लपलप करू लागे.

कोपऱ्यावर सायकलदुरुस्तीचे दुकान होते. तिथल्या काकांना गल्लीतली मुले उद्याकाका म्हणत. का, ते तुम्ही ओळखले असेलच. त्यांनी माझ्या ट्यूबला ठिगळ लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा गेली. पुन्हा ठिगळ. पुन्हा तेच.

"काका, नीट बघा ना एकदा. मला रुग्णालयात वेळेवर पोहोचावं लागतं. बाळासाठी दूध न्यायचं असतं."

"बघतोय ना. तुमचे रस्तेच खराब, त्याला मी काय करणार? आणि असं माझ्या उजेडाच्या आड उभं राहू नका."

शेवटी त्यांनी जुनी ट्यूब ताईच्या पिशवीत टाकली आणि माझ्या चाकात नवीकोरी घातली. "आता निर्धास्त राहा," म्हणाले. नवी ट्यूबही दुसऱ्याच दिवशी बसली. तेव्हा मात्र काकांनी माझ्याकडे न बघताच हात झटकला. "ठेवून जा. उद्या."

त्या संध्याकाळी मी दुकानात इतर सायकलींच्या गर्दीत टेकून उभी होते. ताई पायी गेली. काय घडले ते मला दुसऱ्या दिवशी कळले, कारण मला तशीच, दुरुस्त न झालेली, ढकलत घरी नेताना ती बोलत होती. पुलावर गर्दी होती. ती धावली, तरी पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. सिस्टरनी बाटली हातात घेतली, घड्याळ पाहिले आणि दूध बेसिनमध्ये ओतले. त्या काही रागीट नव्हत्या. ओतताना त्यांनीही मान वळवली होती. पेटीतली मुलगी रडून रडून थकली होती आणि तिची मूठ तेवढी उघडत मिटत होती.

"धाकटीला सांगू तरी काय?" ताई पुटपुटत होती. "तिनं दुपारभर बसून काढलं होतं गं ते."

ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे.

घरी येताच तिने मला शिवणयंत्राशेजारी, खोलीच्या मधोमध उलटे उभे केले. चाके वर, बैठक खाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी छत पाहत होते.

"ताई, हे काय आता?" धाकटीने पलंगावरून विचारले.

"माझं शिवणयंत्र अडलं तर मी कधी कुणाच्या दारात जाऊन बसते का? उघडते, पुसते, तेल घालते, बघते. मग हिलाच का नेऊन टाकायचं?"

"अगं, पण तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर उघडते आहे."

शिवणयंत्राच्या लहान पेचकसाने टायरची कड उचकटायला तिला पुष्कळ वेळ लागला. तिची नखे काळी झाली, बोट सोलले. अखेर ट्यूब बाहेर आली. ताईने तिच्यात हवा भरून ती पाण्याच्या बादलीत बुडवली. एका जागेवरून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिथे तिने खडूने फुली केली, तिच्या कापड आखायच्या खडूने. मग पिशवीतली जुनी, ठिगळांची ट्यूब काढून तिच्याशेजारी पसरली.

आणि ती थबकली.

"धाकटे, हे बघ. हवा भरायच्या नळीपासून ठिगळं कुठं आहेत? सगळी इथंच, दाटीवाटीनं. आणि नव्या ट्यूबचं भोकही तेवढ्याच अंतरावर. कापड एकाच जागी पुन्हा पुन्हा फाटायला लागलं, तर दोष कापडाचा नसतो गं. खाली काहीतरी टोचत असतं."

तिने टायरच्या आतून बोट फिरवले. काही लागले नाही. मग तिने कापसाचा बोळा घेतला आणि तो आतून हलक्या हाताने ओढत नेला. एका जागी कापूस अडकला. त्याचा एक तंतू तिथेच राहिला. ताईने टायर बाहेरून दाबला, तेव्हा आत एक टोक डोकावले. केसापेक्षा थोडेसेच जाड, पोलादी तारेचे कुसळ! मी नुसती उभी असताना ते दडून बसे. ताईचा भार पडला की टोचे. तिने कपाटातला चिमटा आणला आणि ते उपसून काढले. मित्रांनो, इतके दिवस मी ते शल्य अंगात घेऊन धावत होते, आणि मला ते कुणाला सांगता आले नव्हते.

ठिगळ बसले, ट्यूब आत गेली. घाईघाईने ताईने टायर पेचकसाने परत चाकाच्या कडेत ढकलला, हवा भरली, आणि... फूस. पेचकसाच्या टोकाने ट्यूब चिमटली होती. नवे भोक, तिच्याच हातचे.

ताई मटकन खाली बसली. बाटली भरून तयार होती. धाकटी पलंगाच्या कडेला सरकली, नुसता हात लांब करून तिने ताईच्या डोक्यावरचे कापसाचे धागे काढले. मग म्हणाली, "दुकानदाराची चूक आपल्याला दिसतच नव्हती. तुझी दिसली ना? मग झालं तर. पुन्हा कर."

या वेळी ताईने पेचकस दूर ठेवला. टायरची कड तिने दोन्ही अंगठ्यांनी, जाड शिवण दाबून बसवावी तशी, हळूहळू आत बसवली. हवा भरली. कान लावला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. त्या संध्याकाळी दूध वेळेवर पोहोचले.

त्यानंतर ताईने माझा भागन् भाग उघडून पाहिला. शिवणयंत्राचे तेल आता माझ्या चेनलाही मिळू लागले. तिच्या चुकाही झाल्या. डावे पॅडल घट्ट करायला गेली आणि जोर लावून लावून तेच सैल करत बसली, कारण त्याचे आटे उलट फिरतात हे तिला ठाऊक नव्हते. धाकटी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, ती त्या पॅडलवर.

पुढे एकदा सकाळी, ऐन पुलावर, काच लागून माझे पुढचे चाक बसले. ताईने मला कठड्याला टेकवले आणि पिशवीतून ठिगळांची डबी आणि छोटा पंप काढला. तेवढ्यात दुकान उघडायला निघालेले उद्याकाका तिथे थांबले.

"दुकानात आणा की. मी..."

"उद्या?" ताई मान वर न करता म्हणाली.

काकांनी वाकून माझ्या चाकाकडे पाहिले. ताई ट्यूब घासत होती. त्यांनी विचारले, "टायर आतून बघितलात का?"

"बघितला. काच काढली."

"छातीशी काय बांधलंय एवढं?"

"दूध आहे. बहिणीची मुलगी पेटीत आहे, रुग्णालयात."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"बोलले होते काका. तुम्ही ऐकलं नाहीत."

वारा सुटला होता. काकांनी दोन्ही हात पुढे केले. "ती बाटली द्या माझ्याकडे. थंड वारा नको लागायला." ताईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पिशवी सोडून त्यांच्या हाती दिली. ती अंगाशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून ते उभे राहिले. ताईच्या हातातले काम त्यांनी मागितले नाही, पंपालाही हात लावला नाही. चाक टणक झाल्यावर पिशवी परत देत एवढेच म्हणाले, "जा. सांभाळून जा."

बाळाचे वजन वाढले. तिच्या नाकातली दूध पाजायची नळी निघाली. मग एके दिवशी ताईच्या छातीशी बाटली नव्हती. ती मला हाताने ढकलत पुलावरून परत येत होती, माझ्या कॅरियरवर कपड्यांचे गाठोडे होते, आणि शेजारी आता हिंडूफिरू लागलेली धाकटी सावकाश चालत होती, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. माझ्यावर कुणीच बसले नव्हते. कुणाला कसली घाईच नव्हती. पूल इतका लांब आहे आणि त्यावरून खालचे पाणी दिसते, हे मला त्या दिवशी कळले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणीतरी असेल. सायकल असेल, पंखा असेल, घड्याळ असेल. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही नुसते करकरतो, अडतो, हवा सोडतो. तेव्हा आमच्यावर चिडून आम्हाला कोपऱ्यात ढकलू नका. थोडा वेळ काढा, उघडून बघा. चुकलात तर चुका. हात काळे होतील, ते धुता येतात. एकच विनवणी आहे, बोट फिरवून थांबू नका. कापूस घ्या, आणि तो अडकेपर्यंत हळूहळू फिरवा.