पाचची कूस

प्रजीश सव्वीस वर्षांचा, पण मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे त्याला स्वतःची कूससुद्धा बदलता येत नाही. दर दोन तासांनी त्याची आई सरोजिनी, सगळ्या गावाची चेची म्हणजे ताई, ती बदलते. नऊ वर्षांत तिने एकही लग्न पाहिलं नव्हतं. आता भावाच्या मुलीचं होतं, आणि तिला दिवसभर तरी घराबाहेर काढायचंच, असा हट्ट गावच्या सेवापथकातल्या आम्हा दोघांनी धरला. मी निवृत्त शिक्षक कोया, आणि नारळ उतरवणारा दिवाकरन.

आठवडाभर तिने आमची शिकवणी घेतली. "मास्तर, कोपराखाली छोटी उशी! दिवाकरा, तो नारळ नाही, हळू!" चाळीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्याची फेड झाली.

निघताना ती पायरीवरून तीनदा परत आली.

"अम्मा, जा आता, नाहीतर नवरीला बाळ होईल," प्रजीश म्हणाला.

तीनला आम्ही त्याला डाव्या कुशीवर, खिडकीकडे वळवलं. पावणेपाचला समोरच्या कापलेल्या भातशेतात सात-सात जणांचा फुटबॉल सुरू झाला, आमचं गाव विरुद्ध नदीपलीकडचे. पाचला उजवी कूस, म्हणजे तोंड भिंतीकडे.

"मास्तर, भिंत काय गोल मारणार आहे? थांबा ना."

थांबलो. तेवढ्यात चेचीचा फोन. "कूस बदलली?"

"बदलली," प्रजीशनेच ठोकून दिलं.

शेवटी आमचा गोल झाला, तिघेही बोंबललो, आणि बघतो तर पावणेसहा वाजलेले. दारात चेची उभी.

तिने त्याचं लुंगीसारखं मुंडू सरकवून पाहिलं. कमरेवर लाल वळ. माडावर न घाबरणारा दिवाकरन कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मला तर रडूच आलं. एवढा विश्वास टाकला होता बाईने.

तेल चोळत तिने विचारलं, "दुखलं नाही रे?"

"कळलंच नाही गं."

तिचा हात थांबला. पाच मिनिटं उशीर झाला तरी हाका मारणारं पोर ते. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या शेताकडे.

"पुढची मॅच कधी?"

"रविवारी," मी पुटपुटलो.

"मग त्याचं डोकं पायथ्याला करा, म्हणजे पाचची कूस खिडकीकडे येईल. दोघा शहाण्यांना एवढं सुचलं नाही?"

"तूच करून दे ना, चेची," दिवाकरन कोपऱ्यातूनच म्हणाला.

"मी कुठली? वहिनीने पुन्हा बोलावलंय. रविवारी मी घरी नाही."