वरणातली पुडी

दगडाबाईची शाळा दुसरीतच सुटली. सुटली कशाची, गुरुजींनीच हात जोडले. पाढे म्हणताना ती गुरुजींना दुरुस्त करायची, आणि दुरुस्ती चुकीची निघायची. शाळा गेली, खोड राहिली. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर दगडाबाई देणार. भाजीबाजारात कुणी सुनेला विचारलं, "ताई, गाव कोणतं?" तर दीपमालानं तोंड उघडायच्या आत सासू तिच्या आजोळापर्यंत पोचलेली असायची. दगडाबाईला सगळं कळतं, असं मुकुंदवाडीतली तिची अख्खी गल्ली म्हणायची. ते कौतुकानं म्हणत नाहीत, एवढंच काय ते तिला कळलं नव्हतं.

तिचा मुलगा गोकुळ चिकलठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर होता. दारू प्यायचा. रस्त्यात पडणारा नव्हे, बायकोवर हात टाकणारा नव्हे. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग आठवड्यातून चार संध्याकाळी, असं हळूहळू वाढत गेलेलं. पिऊन आला की भिंतीकडं तोंड करून झोपायचा, सकाळी प्यालेला चहा ओकायचा. दगडाबाई शेजारी सांगायची, "पित्त हाय त्याला. आमच्या घराण्यात समद्यांलाच पित्त." गल्लीतल्या माणसांना नाकं होती, पण दगडाबाईपुढं ती कुणी वापरत नसे.

ह्या पित्तापायीच ती एकदा त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. पस्तिशीच्या बाप्याला मनगटाला धरून नेलं. तिथं लुबना सिस्टर होती. तिनं बीपी मोजलं, वजन केलं आणि कागद पुढं ओढून विचारलं, "दारू घेता का, दादा?"

"नाय," दगडाबाई म्हणाली.

"आठवड्यातून किती वेळा?"

"नाय म्हणलं ना, बाई. आमच्या घरात बाटली एकच, रॉकेलची."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "मावशी, हे मी सगळ्यांना विचारते. कलेक्टर आले तरी विचारीन. तुम्हालापण विचारते. तंबाखू?"

"छी! मिसरी लावते निस्ती."

"ती तंबाखूच," म्हणत सिस्टरनं लिहून घेतलं. "अब जरा बाहर बैठो मावशी. यांना बोलू द्या."

बाहेरच्या बाकड्यावर दगडाबाई पडद्याकडं सरकत सरकत इतकी गेली, की टोकाला बसलेले एक म्हातारबा शेवटी उठून उभेच राहिले. आतून सिस्टरचा आवाज आला, "मग तुम्हाला स्वतःला काय वाटतं, दादा?" दगडाबाईनं कपाळावर हात मारला. दवाखान्यात आलेल्यालाच विचारायचं, तुला काय वाटतं! इंजेक्शन नाय, औषध नाय, निस्त्या गप्पा. गप्पांनी दारू सुटत असती तर तिच्या तोंडापुढं अख्ख्या जिल्ह्याची सुटली असती.

गोकुळ बाहेर आला तो खिशात एक घडी केलेला कागद घेऊन.

"काय म्हणली?"

"काय नाय."

"काय नाय म्हणायला अर्धा घंटा लागतो व्हय?"

तो नुसता हसला आणि पुढं चालू लागला. ते हसणं दगडाबाईला मिरचीसारखं झोंबलं. ज्याला नऊ महिने पोटात वागवलं, तो परक्या बाईला आत सगळं सांगतो आणि आईला 'काय नाय'!

त्याच आठवड्यात ती माहेरी पाचोडला गेली. आठवडी बाजारात एका तंबूवर पाटी लटकत होती. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचली: 'न सांगता दारू सोडवा.' दारू सोडवण्यापेक्षा 'न सांगता' हेच तिला जास्त पटलं. तिचा सगळा संसारच त्या पद्धतीनं चालला होता.

तंबूतल्या वैदूपुढं काचेच्या बरण्या होत्या. एका बरणीत साप होता, त्यामुळे बाकीच्या बरण्यांवरही विश्वास बसत होता. त्यानं पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या. "रोज चिमूटभर जेवणात घालायची, मावशी. पिणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाय."

मेथीची जुडी घेताना जी बाई त्या जुडीच्या सात पिढ्या विचारते, तिनं वैदूला एकच प्रश्न विचारला, "वरणात चालंल का?"

"पळंल," वैदू म्हणाला.

आणि पळालीच की! गोकुळ संध्याकाळी वेळेवर घरी यायला लागला. सकाळचा चहा पोटात राहायला लागला. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. दगडाबाई वरणाला फोडणी द्यायची, सुनेची पाठ फिरली की पदराआडून चिमूट सोडायची, आणि लेक भुरके मारायला लागला की अशी बघत बसायची, जसं काही तिनंच वेरूळचं लेणं कोरलंय. 

मनात राहील तर ती दगडाबाई कसली. तिनं शेजारच्या पारूबाईला दाराआड ओढलं. पारूबाईचा नवरा सखाराम तिन्ही त्रिकाळ प्यायचा. "घे ही पुडी. सखारामभाऊच्या कालवणात घाल. मला विचारू नको काय हाय."

"तुला तरी ठाव हाय का?" पारूबाईनं विचारलं.

"गुण बघ तू. गोकुळ्याकडं बघ माझ्या!"

मग कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी इम्रानच्या घरी जेवण निघालं. इम्रान कंपनीतला जोडीदार. त्यानं नवीन रिक्षा घेतली होती, ती भावाला चालवायला दिली होती, म्हणून सगळ्या खात्याला बिर्याणी. दगडाबाईनं विचार केला, आज चार टाळकी जमणार, मोह होणार. तिनं सकाळीच गोकुळला पाटावर बसवलं. "उपाशी पोटी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. दोन घास वरणभात खा." आणि चिमटीऐवजी तिनं अख्खी पुडीच वरणात झाडली.

दुपारी दोनच्या सुमाराला तीच नवी रिक्षा दारात थांबली. इम्रान आणि त्याचा भाऊ गोकुळला धरून उतरवत होते. त्याचं तोंड बिटासारखं लाल झालं होतं, डोळे तांबारले होते, शर्ट ओकारीनं भरला होता.

सांगायला लाज वाटावी, पण दगडाबाईच्या मनात पहिला विचार आला तो असा: गुण आला! प्यायला वाटतं, आणि पुडीनं धरला बरोबर. पुढच्या क्षणी गोकुळनं उंबऱ्यावरच अंग टाकलं. तिनं हात धरला तर गार. छातीला हात लावला तर आत काळीज दार ठोठावल्यासारखं धडधडत होतं. "माय, श्वास येईना," एवढंच तो म्हणाला.

त्याच रिक्षानं सासू-सुनेनं त्याला घेऊन आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर विश्वजीत तिथं होते. दगडाबाईच्या लेखी अजून मिसरूडही न फुटलेलं पोर, पण त्या पोरानं भराभर सलाईन लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला, मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली.

"किती प्यायला?"

"अर्धा ग्लास," गोकुळ कसंबसं म्हणाला. "खरंच, साहेब."

"आधा भी नहीं, सर," इम्रान म्हणाला. "माझ्यासमोर. दोन घोट घेतले, नको म्हणला, ठेवून दिला."

"दोन घोटांनी बीपी एवढं पडत नाही. आणखी काय घेतलं? गोळी? पुडी?"

'पुडी' म्हटल्याबरोबर दगडाबाईचा हात आपोआप कमरेच्या पिशवीवर गेला.

तेवढ्यात लुबना सिस्टर म्हणाली, "सर, हे महिनाभर अजिबात घेत नाहीत. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दर मंगळवारी कामावरून सुटले की येतात माझ्याकडे, कागदावर खूण करून दाखवतात."

दगडाबाई भिंतीला टेकली. दर मंगळवारी? म्हणजे महिनाभर गल्लीत छाती पुढं काढून ती जे मिरवत होती, ते तिचं नव्हतंच. दारू गोकुळनं सोडली होती, त्या निस्त्या गप्पांनी सोडली होती. तिच्या पुडीनं एकच काम केलं होतं, ते आता समोर खाटेवर हिसके देत होतं.

डॉक्टर दीपमालाकडं वळले. "वहिनी, खरं सांगा. घरात कुणी न सांगता काही दिलं का? बऱ्याच घरात बायका देतात."

दीपमाला रडत होती. "नाय हो साहेब. शपथ."

डॉक्टर तिच्याकडंच बघत राहिले. इम्रान बघत राहिला. खाटेवरून गोकुळनंही मान वळवून बायकोकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा दगडाबाईला उत्तर ठाऊक होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. ती गप्प राहिली असती तर सून आयुष्यभर विषारी ठरली असती, सासू सोवळी राहिली असती. दोन-तीन श्वास तिनं त्याचाही विचार केला. मग गोकुळला पुन्हा उमासा आला, आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"तिच्याकडं काय बघता?" दगडाबाई ओरडली. "ती पोर काय देतीय! वरण मी केलं. पुडी मी घातली. आज तर अख्खी घातली."

कमरेच्या पिशवीतून तिनं उरलेल्या पुड्या काढून टेबलावर टाकल्या. पाचोडचा वैदू, साप, चिमूट, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला कसं गप्प करायचं हे तिला येत होतं. ते शांतपणे म्हणाले, "यात नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही. पण असं एक औषध असतं, मावशी. ते पोटात असताना दारू गेली की हेच होतं. आम्हीही देतो. पण माणसाला तपासून आणि सांगून. न सांगता दिलं तर माणूस दगावतो."

ते घाईनं मोठ्या दवाखान्यात फोन लावायला वळले आणि थांबले. "आणखी कुणाला दिली?"

दगडाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीलाही आज सुट्टी होती. तिनं इम्रानच्या फोनवरून पारूबाईला गाठलं. "पारू, ती पुडी... सखारामभाऊला..."

"ती व्हय? कवाच मोरीत टाकली. जिनिस काय ते तुलाच ठाव नव्हतं. मी अडाणी हाय गं, येडी नाय."

एवढं ऐकून घेऊन दगडाबाई म्हणाली, "बरं केलंस." हे दोन शब्द तिनं पारूबाईला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा म्हटले.

गोकुळ वाचला. मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवून त्यांनी घरी सोडला. दगडाबाई शिव्या खायच्या तयारीत बसली होती, चार उलट्या शिव्यांचीही तयारी होती. पण तो चपला काढताना एवढंच म्हणाला, "त्या सिस्टरनं मला विचारलं होतं, माय. तू कवा विचारलंस?"

आणि त्यानं घरचं जेवण सोडलं. ताट वाढलं की म्हणायचा, भूक नाय. केळी खायचा, सालासकट आणलेली. बिस्किटाचा पुडा आणायचा, आधीच फोडलेला असला तर तोंड लावत नसे. दीपमालानं केलेली भाकरीही खाईना, कारण पीठ एकाच डब्यातलं. मंगळवार आला, तो सिस्टरकडं गेला नाही. संध्याकाळी उशिरा आला, भिंतीकडं तोंड करून झोपला. दगडाबाईनं जवळ जाऊन वास घेतला. प्यायलेला नव्हता. पण दीपमाला हळूच म्हणाली, "आत्याबाई, इम्रानभाऊ सांगत होते, दारूच्या दुकानासमोर लई वेळ उभे होते हे."

दुसऱ्या दिवशी दगडाबाई एकटीच आरोग्य केंद्रात गेली. "सिस्टर, माझ्या लेकराला पुन्हा समजवा. तुमचं ऐकतो तो."

"मी ओढून नाही आणू शकत, मावशी. तुम्हीही नाही. तुम्ही त्यांची माफी मागितली?"

"आई लेकराची माफी मागती व्हय?"

सिस्टर काही बोलली नाही. हिची ही रीतच वंगाळ, दगडाबाईला वाटलं. गप्प बसती आणि आपल्यालाच आपलं बोललेलं ऐकू येतं.

चार-पाच दिवस ती वाक्य जुळवत राहिली. सोमवारी गोकुळ केळीचं साल काढत होता, तेव्हा ती समोर येऊन बसली. जुळवलेलं सगळं विसरली. "चुकलं माझं," ती म्हणाली, तेही भांडल्यासारखंच. "वैदूला मी विचारलं नाय, तुलाबी विचारलं नाय. लई चुकलं. आता सांग, काय खाशील?"

गोकुळनं अर्धं सोललेलं केळं खाली ठेवलं.

"पिठलं," तो शेवटी म्हणाला. "पण मी शेगडीजवळ बसणार."

तो बसला. दगडाबाईनं प्रत्येक डबा त्याच्या नाकाखालून फिरवला. "हे बेसन. ही हळद. हे मीठ, जिभेवर ठेवून बघ. ही मिरची, ही निस्ती बघ." दीपमाला तोंडाला पदर लावून हसत होती. पिठलं झालं, भाकरी झाली. ताट गोकुळपुढं गेलं, पण त्याचा हात काही पुढं आला नाही.

"उद्या मंगळवार," तो म्हणाला. "सुटल्यावर मी सिस्टरकडं जाणार हाय. परस्पर. मागं यायचं नाय."

"नाय येत."

"आन पहिला घास तू खा."

गल्लीत जिच्यापुढं कुणी नाक वर करत नव्हतं, त्या बाईनं लेकाच्या ताटातला मोठा घास मोडला आणि तोंडात घातला. पिठलं शेगडीवरून आताच उतरलेलं. टाळू भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी गिळला.

"अजून एक गोष्ट," गोकुळ म्हणाला. "आता दोन मिनिटं थांबू."

तिघंही थांबली. दीपमाला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, गोकुळ आईच्या तोंडाकडं. दगडाबाई मांडी घालून, मान ताठ करून बसली होती, तोंडानं हळूच हवा आत ओढत. दोन मिनिटं झाली. दगडाबाई मेली नाही.

मग गोकुळनं ताट पुढं ओढलं.