फाडून शिवणारं दुकान

कात्री अशी होती, की आजोबांनी ती एकदा उघडी करून खिडकीत ठेवली तर दुपारचं ऊन दोन तुकडे होऊन फरशीवर पडलं. खोटं वाटत असेल तर त्या घरच्या आईला विचारा. ते दोन्ही तुकडे तिनंच झाडून बाहेर टाकले.

शिवणकामाची वाटणीही आजोबांनीच करून ठेवलेली. थोरल्या नातवानं शिवायचं, धाकट्यानं कापायचं. कापणाऱ्यानं मशीनला पाय लावायचा नाही, शिवणाऱ्यानं कात्रीला हात. म्हणजे उद्या भाऊभाऊ भांडले तरी वेगळं दुकान काढायची कुणाची टाप नाही. म्हातारा वस्ताद होता. त्यामुळे दादा जन्मभर मशीनवर बसला आणि धाकटा टेबलाशी उभा राहिला. धाकट्याला अख्खा बाजार मास्तर म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात मास्तर खुर्चीत बसला तो उठेचना. बोलेना, जेवेना. कुणावर ओरडला नाही, कुणाला बोट लावलं नाही, नुसता बसला. मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे बरेच महिने ठेवलं, आणि गोळ्यांची पिशवी देऊन घरी पाठवलं.

घरी आला तर घरात धार म्हणून उरली नव्हती. वहिनीनं सुऱ्या, ब्लेड, किसणी, सगळं एका लोखंडी पेटीत घातलं होतं. कात्री सर्वांत खाली. किल्ली कमरेला.

"डॉक्टरांनी सांगितलं का गं तसं?" आईनं विचारलं.

"डॉक्टर काय सांगतील? त्यांना थोडंच भावजींबरोबर राहायचंय!"

मास्तर समोरच बसला होता. त्याच्यासमोर वाट्टेल ते बोलायची आता सगळ्यांना सवय लागली होती, माणसं कपाटासमोर बोलतात तशी.

त्या दिवसापासून घरात टोमॅटो मुठीत चिरडले जाऊ लागले. कांदा दाराच्या फटीत धरून दार लावायचं. पाव सासू-सुना दोन टोकांनी ओढायच्या, आणि हरेल तिला छोटा तुकडा. भोपळा आणला तेव्हा दादानं तो जिन्यावरून सोडून दिला. तीन घरं जेवली त्यावर. शेजारीण सुरी मागायला आली की वहिनी म्हणायची, "धार लावायला दिलीय." तशी ती सुरी वर्षभर धार लावून घेत होती.

दुकानाचं त्याहून वाईट. थोरला कात्री धरणार नाही, धाकट्याच्या हाती ती द्यायची नाही. मग कापड फाडायचं. सुताला धरून सरळ फाटेल तेवढंच शिवायचं: उशांचे अभ्रे, पडदे, चादरी. गावात डोक्यांपेक्षा अभ्रे जास्त झाले. लोक अभ्र्यांना अभ्रे घालू लागले. मास्तरकडे बटणं लावायचं काम आलं. दोरा त्यानं दातानं तोडायचा.

शेजारचा न्हावी त्याची दाढी वस्तरा उलटा धरून करायचा. फेस लावायचा, फेस काढायचा.

"झाली बघा गुळगुळीत!"

"आहे तशीच आहे," मास्तर आरशात बघून म्हणाला.

"मग काय वाईट आहे? शोभते की!"

मास्तर म्हणून आता कुणी हाक मारत नव्हतं. भेटेल तो म्हणायचा, "बरं वाटतंय ना?" तो म्हणायचा, "हो." खरं तर बरंही वाटत नव्हतं नि वाईटही. सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान घातलेल्या बोटानं कापड चाचपावं तसं झालं होतं. स्पर्श व्हायचा, पोत कळायचा नाही. एकच गोष्ट त्याला हवी होती, तीही फार जोरात नाही. सकाळी टेबलाशी गेला की उजवा अंगठा आपोआप हवेत कात्रीची कडी शोधायचा.

एके दिवशी बँडमास्तर आला. वरचा सूर लावताना त्याचा कोट दोन्ही बगलांत उसवून मागचा भाग प्रेक्षकांत जाऊन पडला होता. त्यानं जाड निळं लोकरी कापड टेबलावर टाकलं.

"पडदा करून देऊ का छान?" दादा म्हणाला.

"पडदा गुंडाळून बँड वाजवू?"

एक टोक दादानं धरलं, एक वहिनीनं. लोकरी कापडच ते. फाटलं नाही, वहिनीच घसरत दारापर्यंत गेली.

"अहो, कापणारा हा काय बसलाय!" बँडमास्तर म्हणाला.

"त्याची तब्येत..."

"वेडा असो की शहाणा, मला शनिवारी कोट हवाय. नाहीतर कापड परत करा."

बऱ्याच वेळानं पेटी उघडली. कात्री गंजून मिटलेली, उघडेचना. तेवढ्यात बाहेर धारवाल्याच्या चाकाची घंटा वाजली.

"मी जातो," मास्तर म्हणाला, आणि कात्री उचलून निघाला.

तो गल्लीत उतरला मात्र, खिडक्या लागत गेल्या. न्हाव्यानं दुकान बंद केलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक बाहेरच राहिलं. कुत्र्यानं शेपूट पोटाखाली घेतलं. मागून दादा, वहिनी, आई, अंतर राखून. मास्तरनं सगळं पाहिलं. पाहिलं इतकंच.

धारवाला परगावचा. त्याला काही ठाऊक नव्हतं. कात्री हातात घेऊन त्यानं कपाळावर हात मारला.

"काय मास्तर! हत्यार असं ठेवतात? लाज नाही वाटत? कापड कापता की चिखल?"

इस्पितळातून आल्यापासून मास्तरला कुणी रागावलं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"पुढच्या आठवड्यात परत आणा. एका वेळेत जायचा नाही हा गंज. ऐकलंत का?"

"ऐकलं."

कोट कापताना घर भिंतीला पाठ लावून उभं होतं. कापड करकरत दुभंगत गेलं. आत काहीतरी हलेल असं मास्तरला वाटलं होतं. हललं नाही. फक्त अंगठा आपल्या जागी बसला. शेवटची बाही कापून झाल्यावर त्यानं कात्री मिटली आणि कड्यांची बाजू वहिनीपुढे धरली. तिनं ती पेटीत ठेवली. कुलूप वाजलं.

शनिवारी कोट अंगात घालून बँडमास्तर पुन्हा पुन्हा हात वर करून पाहत होता.

"कापला कुणी म्हणून सांगू?"

दादा मशीनकडे बघत म्हणाला, "दुकानानं कापला म्हणा."

मास्तरनं बटणाचा दोरा दातानं तोडला.

पुढच्या आठवड्यात घंटा वाजली. वहिनी टोमॅटो चिरडत होती. मास्तर येऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, गंज राहिलाय अजून."

"आज नको, भावजी."

"त्यानं आजच बोलावलंय."

बाहेरून हाक आली, "ओ मास्तर! आणताय ना?"

वहिनीनं ओले हात पुसले. कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली, आणि एक पाऊल मागे सरकली. भिंतीपर्यंत.

मास्तरनं ते पाऊल पाहिलं. मग किल्ली उचलली.